एकदा सोडलेलं पाणी: केन हिलच्या लॉकवरचे अनुभवाचे बोल

इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात डिव्हायझिस नावाचं बाजाराचं गाव आहे. गावाच्या पश्चिमेला केनेट अँड एव्हन कालवा टेकडी उतरतो. उतार असा, की दोन मैलांत 237 फूट, म्हणजे 72 मीटर खाली यायला त्याला 29 लॉक लागतात. पायथ्याला 7, गावालगत 6, आणि मध्ये केन हिलवर 16, तेही एका सरळ ओळीत. खालून वर पाहिलं की दरवाज्यांच्या काळ्या दांड्यांची पांढरी टोकं टेकडीच्या माथ्यापर्यंत एकावर एक रचलेली दिसतात. इथे मी सुट्टीच्या दिवशी स्वयंसेवक लॉककीपर म्हणून काम करतो. पगार नाही. फुगणारं लाइफजॅकेट, एक लोखंडी हँडल आणि दिवसभराची पायपीट एवढं मिळतं.

माझे वडील पाटबंधारे खात्यात होते. कालवा म्हटलं की आवर्तन, चारी, पाटकरी आणि पाणी कमी पडलं की दारात येऊन बसणारे शेतकरी, हे मी लहानपणी पाहिलेलं. त्यामुळे इथे सगळे बोटींकडे बघत असतात तेव्हा माझी नजर पाण्याकडे जाते. खालचे बोल त्या नजरेचे आहेत. बोटीच्या हौशी लोकांना ते जरा रुक्ष वाटतील.

1. बोट चढो वा उतरो, पाणी खालीच जातं.

लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला विटांचा हौद. बोट वर न्यायची तर खालच्या दाराने आत घ्यायची, दार लावायचं आणि वरच्या बाजूच्या झडपा उघडायच्या. हौद भरतो, बोट तरंगत वर येते. खाली आणायची तर उलट. पंप नाही, मोटर नाही. पाणी आपल्या वजनाने उतरतं आणि जाता जाता बोटीचं काम करून जातं.

मात्र दर वेळी साधारण 2.4 लाख लिटर पाणी वरच्या पातळीवरून निघून जातं. बोटीत एकटा माणूस असो की वीस टन कोळसा, खर्च जवळपास तोच. म्हणून आम्ही येणाऱ्या प्रत्येकाला पहिली गोष्ट सांगतो: जोडीने या. लॉक 14 फूट रुंद आहे आणि नॅरोबोट 7 फुटांपेक्षा किंचित कमी, तेव्हा दोन बोटी शेजारी शेजारी छान बसतात. दुसरी गोष्ट, एक बोट वर चढून गेली की लॉक भरलेलं राहतं. ते खालून येणाऱ्या पुढच्या बोटीसाठी रिकामं करण्याआधी वरून कोणी उतरतंय का ते पाहा. उतरणारा मिळाला तर त्याच पाण्यात दोघांचं काम होतं. परतीचं भाडं मिळालेल्या ट्रकवाल्याला जो आनंद होतो तो मला तेव्हा होतो, आणि तो समोरच्या बोटवाल्याला समजावून सांगणं अवघड जातं.

2. दरवाज्याशी मारामारी करू नये.

लॉकचे दरवाजे ओक लाकडाचे, काही टनांचे. ते सरळ मिटत नाहीत. दोन्ही फळ्या पाण्याच्या वरच्या बाजूला टोक करून एकमेकींना टेकतात. जेवढं पाणी मागून रेटतं तेवढे ते घट्ट बसतात. या रचनेचं श्रेय लिओनार्दो दा विंचीला दिलं जातं. मिलानच्या कालव्यांवर तो काम करत होता. दोन दारांचा हौद ही मूळ कल्पना मात्र त्याच्या पाचशे वर्षं आधीची आणि चीनची. तिथे ग्रँड कॅनॉलवर धान्याच्या बोटी दोरखंडांनी उतारावरून ओढून नेत. त्यात बोटी फुटत आणि फुटलेल्या बोटीतलं सरकारी धान्य चोर पळवत. इ.स. 984 मध्ये छ्याव वेइयुए नावाच्या अधिकाऱ्याने यावर उपाय म्हणून लॉक बांधलं. जगातलं पहिलं लॉक चोरीला आळा घालायला झालं, हे मला फार आवडतं. कुठल्याही खात्यातल्या माणसाला आवडेल.

तर, दोन्हीकडचं पाणी एका पातळीला आल्याशिवाय हे दार उघडत नाही. चार बोटांचा फरक असला तरी नाही. तरुण मुलं येतात, खांदा लावतात, लालबुंद होतात. दांड्याखालच्या जमिनीत अर्धवर्तुळाकार विटांच्या उभट पट्ट्या बसवलेल्या आहेत, पाय रोवायला. त्या पट्टीला टाच लावायची, पाठ दांड्याला टेकायची आणि थांबायचं. पातळी जुळली की दार आपणहून किंचित हलतं. मग माझ्यासारख्या पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या पाठीनेही ते सरकतं. जोर लावायचा तो तेव्हा.

3. हँडल खुंटीवर ठेवून वळायचं नाही.

झडप उघडायला एल आकाराचं लोखंडी हँडल असतं, त्याला विंडलस म्हणतात. ते खुंटीवर चढवून फिरवलं की दातेरी दांडा वर येतो आणि एक खिट्टी त्याला धरून ठेवते. खिट्टी निसटली तर झडप धाडकन खाली येते आणि विंडलस पंख्यासारखा गरगरतो. त्याने मनगट मोडतं, दात पडतात. झडप उघडून झाली की विंडलस काढून हातात. यात चर्चा नाही.

4. उतरताना पुढे बघू नका, मागे बघा.

वरच्या दरवाज्यांखाली एक दगडी उंबरठा असतो, सिल म्हणतात त्याला. लॉक भरलेलं असताना तो पाण्याखाली असतो, दिसत नाही. पाणी उतरायला लागलं की तो बोटीच्या मागून वर डोकं काढतो. बोट जरा मागे रेंगाळली असेल तर तिची शेपटी त्यावर टेकते, पुढचा भाग पाण्याबरोबर खाली जात राहतो, आणि लोखंडाची पन्नास-साठ फुटी बोट नाकावर उभी राहायला लागते. बुडायला फार वेळ लागत नाही. म्हणून काठावर पांढरी रेघ मारून तिथे ‘सिल’ असं लिहिलेलं असतं.

एकदा भाड्याच्या बोटीतून एक कुटुंब उतरत होतं. सुकाणूवर वडील होते आणि सोळा लॉकांचा देखावा समोर असल्यामुळे साहजिकच समोर पाहत होते. मी खालच्या झडपांशी होतो. आधी आवाज ऐकू आला, बोटीच्या स्वयंपाकघरातून एकामागोमाग एक कप घरंगळल्याचा. मग पाहिलं तर बोटीचं नाक खाली झुकलेलं. पलीकडच्या काठावर माझे जोडीदार होते, ऐंशीला टेकलेले, निवृत्त शाळामास्तर. ते ओरडले नाहीत. फक्त हात वर करून मूठ मिटली. त्याचा अर्थ झडपा बंद. दोघांनी मिळून खालच्या झडपा पाडल्या, मग ते वर चालत गेले (पळत नाही, ओल्या विटांवर पळणारा माणूस हा दुसरा अपघात) आणि वरची झडप चार दात उघडली. पाणी हळूहळू चढलं. बोट करकरली, एक हिसका बसला आणि ती सपाट झाली. बाईंनी फुटलेले कप झाडून काढले आणि आम्हाला चहा दिला, मुलांच्या प्लॅस्टिकच्या पेल्यांतून.

घाबरलेल्या माणसाची पहिली धाव वरून पाणी सोडण्याकडे जाते. खालच्या झडपा उघड्या असताना ते करून उपयोग नसतो. आधी गळती बंद, मग भर. हे मी तिथे शिकलो, पण वडिलांचं खातंही तसंच चालायचं.

5. टेकडी टाळता आली नाही, तर तिच्याच मातीच्या विटा पाडाव्यात.

या जलमार्गाचे तीन तुकडे आहेत. पूर्वेला रेडिंगपासून न्यूबरीपर्यंत केनेट नदी 1723 मध्येच बोटींसाठी तयार झाली होती. पश्चिमेला बाथपासून ब्रिस्टलपर्यंत एव्हन नदी 1727 मध्ये. म्हणजे लंडनकडून एक वाट आणि ब्रिस्टलकडून एक वाट, मध्ये सलग कोरडी जमीन. हा मधला भाग जोडायला जॉन रेनी या स्कॉटिश इंजिनिअरला नेमलं. काम 1794 ला सुरू झालं आणि 1810 ला संपलं. सगळा मिळून मार्ग 87 मैलांचा झाला.

केन हिल सगळ्यात शेवटी पुरी झाली. तोपर्यंत दोन्हीकडून कालवा तयार, मधे ही टेकडी. रेनीने पायथ्याच्या फॉक्सहँगर्सपासून डिव्हायझिसपर्यंत घोड्यांनी ओढायची रूळगाडी टाकली. माल बोटीतून उतरवायचा, टेकडी चढवायचा, परत बोटीत भरायचा. कालव्यावरच्या रस्त्यांच्या पुलांना पाण्याच्या कमानीशेजारी आणखी एक कमान आहे ती त्या रुळांसाठी. आज तिच्यातून सायकलवाले जातात आणि डोकं वाकवावं की नाही याचा विचार करतात. लॉकांच्या विटांसाठी जवळच माती खणून भट्टी लावली होती.

खरी युक्ती बाजूला आहे. सोळा लॉक इतके लागोपाठ, की दोन लॉकांमध्ये कालव्याला जागाच उरली नाही. एक लॉक भरायला वरच्या तुकड्यातून पाणी घेतलं तर तो तुकडा तळ दाखवेल. म्हणून रेनीने प्रत्येक तुकडा लांबीऐवजी रुंदीत वाढवला: लॉकांच्या शेजारी एकेक मोठं तळं. आज त्यात बगळे, हंस आणि लव्हाळी आहेत. पर्यटक त्या तळ्यांचे फोटो काढतात ते पक्ष्यांसाठी. पाण्याची साठवण म्हणून त्याकडे कोणी बघत नाही.

1829 ते 1843 या काळात लॉकांवर गॅसचे दिवे होते, रात्रीही बोटी जाव्यात म्हणून. त्याचे वेगळे पैसे घेत.

6. बांधकामात वाचवलेला पैसा इंधनात जातो.

हा बोल मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि तो केन हिलवर नाही तर पूर्वेला क्रॉफ्टनच्या पंपघरात शिकता येतो.

कोणताही कालवा टेकडी ओलांडतो तेव्हा त्याचा एक माथा असतो. माथ्यावरून पूर्वेला गेलेली बोट पाणी पूर्वेला नेते, पश्चिमेला गेलेली पश्चिमेला. माथ्याला मात्र कोणी पाणी देत नाही. ते द्यावं लागतं. मूळ आखणीत कालवा मार्लबरो गावावरून जायचा होता. तिथे पाण्याची खात्री वाटेना, म्हणून तो दक्षिणेला वळवला. मग माथा खालच्या पातळीवर ठेवून लांबलचक बोगदा खणायचा बेत होता. विल्यम जेसप या दुसऱ्या इंजिनिअरचा सल्ला घेतला गेला. तो म्हणाला, माथा उंच ठेवा, बोगदा अगदी छोटा करा, पैसाही वाचेल आणि वेळही. पाणी पंपाने चढवू. तसं झालं. बोगदा 502 यार्डांवर आला, आणि तोही मुख्यतः तिथल्या जमीनदाराला आपल्या जमिनीतून खोल चर नको होता म्हणून.

बोगद्याचा पैसा एकदाच जाणार होता. पंपाचा कोळसा रोजचा झाला. क्रॉफ्टनला 1809 मध्ये बसवलेलं पहिलं वाफेचं इंजिन सेकंडहँड होतं, लंडनच्या वेस्ट इंडिया डॉक कंपनीकडून घेतलेलं. 1812 मध्ये त्याच्या शेजारी बोल्टन अँड वॉटचं नवं इंजिन आलं. ते आजही तिथेच आहे, त्याच इमारतीत, आणि ठरलेल्या वीकेंडला स्वयंसेवक बॉयलर पेटवतात तेव्हा ते त्याचं मूळचंच काम करतं: सुमारे 40 फूट खालचं पाणी माथ्याकडे चढवणं. असं करू शकणारं जगातलं सगळ्यात जुनं बीम इंजिन तेच. इतर दिवशी विजेचे पंप चालतात. मी गेलो तेव्हा वरच्या मजल्यावर उभा राहिलो. ओतीव लोखंडाची अजस्र तुळई डोळ्यांसमोर खाली जाते, क्षणभर थांबते, वर येते. त्या थांबण्यात कोणी बोलत नाही. खाली बॉयलरपाशी एक बाई फावड्याने कोळसा टाकत होत्या आणि कपाळ पुसत होत्या. जेसपने वाचवलेल्या पैशाचं ते व्याज.

रेनीला हे कळत नव्हतं असं नाही. पश्चिमेला क्लॅव्हर्टनला त्याने एव्हन नदीच्याच प्रवाहाने फिरणारं प्रचंड पाणचक्र बसवलं, 1813 मध्ये. नदीच्या जोरावर नदीचं पाणी 47-48 फूट वर. कोळसा शून्य. पण क्रॉफ्टनला तशी नदी नव्हती.

7. कालवा मारायचा असेल तर तो विकत घ्यावा.

ग्रेट वेस्टर्न रेल्वे 1841 मध्ये लंडन-ब्रिस्टल सुरू झाली आणि कालव्याचा माल ओसरला. 1852 मध्ये रेल्वे कंपनीने कालवाच ताब्यात घेतला. कायद्याने तो बंद करता येत नव्हता. मग जकात चढवली, दुरुस्तीचा खर्च आवळला. 1857 नंतर हिवाळ्यात बर्फ फोडणं थांबवलं. 1861 मध्ये रात्रीची वाहतूक बंद केली. 1865 मध्ये पाणी वाचवायला लॉकमधून जोडीनेच जायची सक्ती झाली. हा शेवटचा नियम वाचून मी चपापलो, कारण मी तेच सांगत असतो, फक्त विनंती म्हणून. 1877 पासून कालव्याला कधी नफा झाला नाही.

बंद कोणीच केला नाही. तो नुसता चालू ठेवला नाही.

मधल्या काळात 1940 मध्ये जर्मन स्वारीच्या भीतीने काठाकाठाने काँक्रीटचे बुरूज बांधले, कालव्याचा खंदक होईल म्हणून. ते अजून आहेत. त्यात मेंढ्या उभ्या राहतात.

8. जलमार्ग वापरात असल्याचा पुरावा लागतो, मग तो कयाकमधून का असेना.

1956 मध्ये रेडिंग ते बाथ या मार्गावरचा वाहतुकीचा हक्कच काढून टाकायचं विधेयक संसदेत आलं. जॉन गूल्ड या कालव्यावरच्या व्यापाऱ्याने आणि काठच्या गावांनी त्याला विरोध केला. राणीच्या नावे 22,000 सह्यांचा अर्ज झाला आणि तो ब्रिस्टलहून लंडनला पाण्यातूनच नेला. काही ठिकाणी कालवा इतका गाळाने भरला होता की छोट्या होडक्याशिवाय जाता आलं नाही. संसदीय समितीने तो हक्क वाचवला नाही, पण विधेयकात एक कलम घातलं गेलं: कालवा आहे त्याहून बिघडू द्यायचा नाही. मला वाटतं सगळं पुढचं त्या एका कलमावर उभं राहिलं. नाहीतर केन हिलवर आज घरं असती.

डिव्हायझिसहून वेस्टमिन्स्टरपर्यंत 125 मैलांची होड्यांची शर्यत 1948 पासून दर ईस्टरला होते. शर्यतवाले लॉक वापरत नाहीत. होडी खांद्यावर घेऊन काठाने पळतात आणि पुढे पाण्यात टाकतात. पाण्याचा खर्च शून्य. कालवा मोडकळीला आला होता त्या वर्षांतही ते त्यावरून जात राहिले.

मग स्वयंसेवक, सरकारी रोजगार योजनेतली माणसं आणि जलमार्ग खात्याची यंत्रं मिळून गाळ काढत राहिली. लॉकांत झाडं उगवली होती, ती तोडली. 8 ऑगस्ट 1990 रोजी राणी एलिझाबेथ केन हिलवर आल्या, बोटीतून लॉक पार केलं आणि कालवा परत सुरू झाला. आणि लगेच पाणी पुरेना! बोटींना बंधनं घालावी लागली. 1996 मध्ये फॉक्सहँगर्सला पंप बसले तेव्हा सुटका झाली. ते दिवसाला 3.2 कोटी लिटर पाणी पायथ्यापासून पुन्हा माथ्यावर चढवतात, म्हणजे दर अकरा मिनिटांना एक लॉकभर. मी लॉकवरून सोडलेलं पाणी तासाभरात माझ्याच डोक्यावरून परत येत असतं, विजेच्या बिलासकट.

9. बघ्यांना उत्तरं द्यावीत.

केन हिलवर बोटींपेक्षा बघे जास्त. त्यांचा नेहमीचा प्रश्न: वर चढायला किती वेळ लागतो? सगळे 29 लॉक पाच-सहा तास. त्याच्या पाठोपाठ: मग रेल्वेनेच का गेले नाहीत? याला माझ्याकडे सात नंबरचा बोल आहे, पण तेवढा वेळ कोणाला नसतो. एकदा बारामतीकडचे एक काका-काकू भेटले, मुलाकडे आलेले. काकांनी लॉक भरताना पूर्ण पाहिलं, खालच्या दाराची गळती पाहिली आणि विचारलं, “हे एवढं वाया जातंय ते कोणाच्या हिशोबात?” मी त्यांना पंपाकडे घेऊन गेलो. काकू बाकावर बसून राहिल्या.

10. बोट घेऊन येणार असाल तर.

सकाळी लवकर या. संध्याकाळी उताराच्या दोन्ही टोकांना कुलूप लागतं आणि मध्ये अडकलात तर ते कोणाच्याच सोयीचं नाही. घरातल्या एकाला विंडलस देऊन पुढे पाठवा. चढत असाल तर त्याने पुढचं लॉक रिकामं करून ठेवावं, उतरत असाल तर भरलेलं. चढताना आधी जमिनीतल्या झडपा उघडा, दारातल्या नंतर. दारातलं पाणी थेट बोटीच्या नाकावर पडतं. निघताना प्रत्येक झडप पडली आहे का ते स्वतः पाहा, दुसऱ्यावर सोडू नका. रात्रभर एक झडप चार बोटं उघडी राहिली तर सकाळी वरच्या तळ्यात चिखल आणि गोंधळलेले हंस असतात आणि आम्हाला वरून खाली एकेक तुकडा भरत यावं लागतं. ओकचे दरवाजे पंचवीस वर्षांच्या आसपास टिकतात, त्यामुळे हिवाळ्यात कधी कधी एखादं लॉक रिकामं करून नवे दरवाजे बसवतात आणि लोकांना आत उतरून पाहू देतात. बोटीची हौस नसेल तर तेव्हा या. तळाच्या विटा बघायला मिळतात. गमबूट आणा.